मुंढव्याचं पाणी आणि साडेसहा टीएमसीचा हिशोब: भांडण मुळात कुठून सुरू झालं

दर उन्हाळ्यात तेच सुरू होतं. कालवा सल्लागार समितीची बैठक, पुण्याला पाणी जास्त लागलं म्हणून दौंड-इंदापूरचं आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) लांबलं, मग शहरवाले म्हणतात अहो आम्ही वापरलेलं पाणी शुद्ध करून मुंढव्याहून कालव्यात परत देतोय की, आणि खालचे शेतकरी म्हणतात असं का, मग या पाण्याने एकदा तुम्हीच आंघोळ करून दाखवा. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर वाटतात. असं का होतं ते कळायला बरंच मागं जावं लागतं, कारण हे पाणी ज्या कालव्यात सोडतात तो कालवाच जवळपास दीडशे वर्षांचा आहे.

खडकवासला धरण इंग्रजांनी १८७० च्या दशकात उभं केलं, तेव्हा त्याचं नाव लेक फाइफ, कर्नल फाइफ नावाच्या इंजिनिअरवरून. पुण्याला आणि लष्कराला पाणी द्यायचं हा एक हेतू आणि पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात शेती भिजवायची हा दुसरा. त्यासाठी दोन कालवे काढले, डावा छोटा खडकीच्या बाजूला आणि उजवा लांबलचक, हडपसर, लोणी काळभोर, उरुळी, यवत करत पाटसपर्यंत ११२ किलोमीटर. पुढे १९०३ ला विश्वेश्वरय्यांनी इथेच ते आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, ते सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे की कालव्यावर ऊस उभा राहिला तो नुसत्या पाण्यावर नाही. उसाला खत लागतं भरपूर आणि ते आलं पुण्याच्या शौचकुपांतून. शहरातला मैला राखेत-मातीत मिसळून, सुकवून त्याचं सोनखत करायचे आणि कालव्यावरचे बागायतदार ते विकत घ्यायचे. नाव बघा, सोनखत! म्हणजे शहराची घाण शेतात जाणं ही काय आजची आयडिया नाही, फरक इतकाच की तेव्हा शेतकरी स्वतः पैसे मोजून ती न्यायचा.

जगात इतर ठिकाणीही हेच चाललेलं. एडिंबराजवळची क्रेगेंटिनी नावाची कुरणं शहराच्या गटाराच्या पाण्यावरच हिरवी असायची, पॅरिसचं मैलापाणी जेनव्हिल्येच्या भाजीमळ्यात जायचं, बर्लिनमध्ये होब्रेख्ट नावाच्या इंजिनिअरने अख्ख्या शहराची ड्रेनेज अशी आखली की पंपाने सगळं शहराबाहेरच्या शेतांवर पसरायचं, १८७६ पासून. कॉलऱ्याची धास्ती होती, नदी वाचवायची होती आणि खत फुकट मिळत होतं. मग शहरं वाढली, जमीन पुरेना, कारखान्यांचं पाणी त्याच गटारात यायला लागलं आणि बर्लिनच्या त्या शेतांच्या मातीत जड धातू साचले. तिथून पुढे आधी प्रक्रिया मग शेत असा क्रम आला.

आपल्याकडे पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा आणि पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. या दुसऱ्या कायद्याखाली सांडपाणी सोडायचे जे सर्वसाधारण निकष ठरले त्यातली एक गोष्ट मला आजही खटकते. नदीत सोडायचं असेल तर बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, आणि शेतीसाठी जमिनीवर सोडायचं असेल तर १०० पर्यंत चालेल. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप, आकडा जितका मोठा तितकं पाणी घाण. माती गाळून घेते, पिकाला खत मिळतं, असा त्यामागचा विचार, शास्त्र म्हणून अगदीच चूक नाही. पण रात्री त्या पाण्यात पायात चप्पल नसताना दारं धरणारा, म्हणजे पिकाला पाणी देणारा माणूस या हिशोबात कुठेच नाही.

आता परत पुण्यात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासलाही गेलं, ती कथा घराघरात सांगितलेली आहे. त्यानंतर सगळी मांडणी बदलली. खडकवासला दुरुस्त झालं, पानशेत पुन्हा बांधलं, पुढे वरसगाव आणि टेमघर आलं, चारही मिळून साठा साधारण २९ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). नवा मोठा उजवा कालवा पार इंदापूरपर्यंत गेला आणि जुना बाजूला पडला, ज्याला लोक बेबी कॅनॉल म्हणतात. वयाने सगळ्यात थोरला आणि नाव बेबी.

कागदावर ही धरणं मुख्यतः सिंचनाची. पण शहर फुगत गेलं तसं पिण्याचं पाणी वाढत गेलं, आणि पिण्याला नाही कोण म्हणणार? जलसंपदा खातं आणि महापालिका यांच्यात करार झाला तो साडेअकरा टीएमसीचा (प्रत्यक्ष उचल त्याच्या बरीच वर जाते, तो वेगळा वाद), आणि अट अशी की महापालिकेने वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी प्रक्रिया करून शेतीला परत द्यायचं. त्यासाठी शहराच्या पूर्वेला मुंढव्याला मुळा-मुठा नदीकाठी जॅकवेल, म्हणजे पाणी उचलायची विहीर बांधली. नदीवर बंधारा, तिथून पंपाने पाणी उचलायचं, पाइपने साडेसतरा नळीपर्यंत न्यायचं आणि बेबी कॅनॉलमध्ये सोडायचं. आयडिया म्हणून मला आजही आवडते. धरणातलं तेवढं पाणी वाचतं, आणि शहर काही दिवाळी बघून पाणी सोडत नाही, त्यामुळे शेतकऱ्याला बारमाही पाणी.

गोची हिशोबात आहे. साडेसहा टीएमसी म्हणजे रोजचे साधारण ५० कोटी लिटर. तेव्हा शहरातल्या सगळ्या मैलाशुद्धीकरण केंद्रांची मिळून क्षमता होती ५६ कोटी ७० लाख लिटर. म्हणजे सगळी केंद्रं रोज जवळपास पूर्ण ताकदीने चालली, लाइट गेली नाही, मोटर जळली नाही, तर आकडा जेमतेम जुळतो. आणि मुख्य मुद्दा हा की जॅकवेल केंद्राच्या आउटलेटला जोडलेली नाही, ती नदीतून पाणी उचलते. केंद्रांनी शुद्ध करून सोडलेलं पाणी पण त्याच नदीत आणि नाल्यातून थेट आलेलं पण त्याच नदीत. मुंढव्याच्या बंधाऱ्यात दोन्ही एक झाल्यावर कोणतं शुद्ध आणि कोणतं नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दुधात पाणी घालतात हे माहीत होतं, इथे उलटं. करार टीएमसीत झालाय ना, टीएमसी भरले की महापालिकेचं काम झालं. पाणी किती हे मोजायला मीटर आहे, पाणी कसं हे मात्र त्या देवाणघेवाणीत मोजलंच जात नाही, सगळं भांडण या एका फटीतून निघतं.

आमच्या मामांचं रान उरुळीच्या पुढे कालव्याला लागून आहे. त्यांना विचारलं तर ते बीओडी वगैरे काही सांगत नाहीत, ते म्हणतात पाट फेसाळून येतो, जलपर्णी दाऱ्यात अडकते, आणि रात्री पाणी देऊन आलं की पोटरीपर्यंत खाज सुटते. ठिबक करून बघितलं, फिल्टर दर दोन दिवसांनी उघडून धुवायचा, आत काळी शेवाळासारखी चिकट साय, शेवटी परत सरीनेच पाणी देतात. कालव्याच्या खालच्या अंगाची विहीर पिवळट झाली, प्यायला आता जार. पण हेच मामा दुसऱ्या दमात सांगतात की युरिया निम्म्यावर आला आणि ऊस असा माजलाय की आत माणूस दिसत नाही. यातही मेख आहे. त्या पाण्यातलं नत्र बारा महिने मिळत राहतं, उसाला शेवटच्या महिन्यांत ते नको असतं, मग पाला वाढतो, ऊस लोळतो आणि साखर भरत नाही. टनेज दिसतं, साखरेचा उतारा पडतो, आणि पैसे टनावर मिळत असल्याने मामांना त्याचं फार काही वाटत नाही.

ऊस ठीक आहे, तो गाळून उकळून साखर होतो. पालक, कोथिंबीर, मुळा याचं काय, जे शेवटी पुण्याच्याच मंडईत येतं? जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्येच कच्च्या खायच्या भाज्यांसाठी मर्यादा सांगितली होती, १०० मिलिलिटरला विष्ठेतले जीवाणू १००० च्या आत आणि जंतांचं अंडं लिटरला एकापेक्षा जास्त नको. जंतांची अंडी फार चिवट असतात, ती घालवायची तर पाणी तळ्यात बरेच दिवस थांबवून अंडी खाली बसू द्यावी लागतात नाहीतर नीट गाळावं लागतं. बंधाऱ्यातून उचललं आणि लगेच कॅनॉलला सोडलं यात थांबणं कुठेच नाही.

या विषयावर कोणीतरी इस्राएलचं उदाहरण देतंच, तर तेल अवीवच्या शाफ्दान केंद्रात काय करतात तर शुद्ध केलेलं पाणी वाळूच्या तळ्यांत सोडतात, ते जमिनीतून झिरपतं, मग विहिरींनी उपसून स्वतंत्र पाइपने नेगेव्हच्या शेतांना जातं. त्यांच्याकडे सांडपाण्याचा फार मोठा भाग असा शेतीत जातो. पण तिथे पाइप केंद्रातून निघून शेतात संपतो, मध्ये उघडी नदी नाही आणि नाले नाहीत.

पुण्यात जायका या जपानच्या सरकारी संस्थेच्या कर्जातून ११ नवीन केंद्रांची योजना आली, करार २०१५ चा, क्षमता ३९ कोटी ६० लाख लिटर, कामं बरीच रखडली. २०१९ ला राष्ट्रीय हरित लवादाने निकष आणखी कडक करत बीओडी १० वर आणायला सांगितलं. केंद्रातून सुटतं ते पाणी पुढे सुधारेल, पण ते नदीत सोडून परत मुंढव्यालाच उचलायचं असेल तर नाले बंद होईपर्यंत कॅनॉलला काय येणार?

मामा उसाला कॅनॉलचंच पाणी देतात, पाणीपट्टी भरून, पाणी मागणीचा नमुना नंबर सातचा अर्ज करून. घरामागच्या मेथी-कोथिंबिरीच्या दोन वाफ्यांना मात्र मामी वरच्या रानातल्या बोअरची नळी ओढून आणते.