आयरिश फिडलच्या धुना आणि त्यांची नावं : पार्श्वभूमी

आयरिश फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, वाजणाऱ्या नृत्यधुनांच्या प्रकारांपैकी रील स्कॉटलंडहून आला, हॉर्नपाइप इंग्लंडहून, आणि आयर्लंडमधल्या केरी आणि कॉर्क या काउंटींच्या सीमेवर जीव ओतून वाजवली जाणारी पोल्का एकोणिसाव्या शतकात युरोपातून. जिग तेवढी जुनी. धून कानावरूनच पुढे जायची. ज्याच्याकडून मिळाली त्याचं किंवा त्याच्या गावाचं नाव तिला चिकटायचं. डोनेगल काउंटीत एक नाव, क्लेअर काउंटीत दुसरं. त्यावरून कोणाचं काही अडत नव्हतं.

अडायला लागलं ते छपाईमुळे. 1903 साली शिकागोत 1850 धुनांचा संग्रह निघाला. संग्राहक मूळचा कॉर्कचा, शिकागो शहराचा पोलीसप्रमुख. स्वरलेखन त्याला येत नव्हतं. तिथल्या आयरिश वादकांकडून मिळवलेल्या धुना एका सहकारी फिडलवादकाने लिहून काढल्या. पुस्तकात प्रत्येक धुनेला शीर्षक हवंच, तेही दोन भाषांत, कारण आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाचे ते दिवस होते. अनेक आयरिश शीर्षकं इंग्रजीवरून बेतलेली आहेत, तरी वाचणाऱ्याला तीच जुनी वाटतात. शिवाय तीच धून थोड्या फरकाने दोन नावांखाली आली, म्हणजे एकीच्या दोन झाल्या. 1907 साली त्याच संग्राहकाचं 1001 नृत्यधुनांचं पुस्तक आलं. वादक त्याला नुसतं ‘द बुक’ म्हणतात आणि वाद झाला की त्याच्याकडे बोट दाखवतात. शेकडो धुना या माणसामुळे वाचल्या, हे ऋण मोठं आहे. पण एका शहरात, काही मोजक्या वादकांच्या तोंडून आलेलं नाव ‘खरं’ आणि क्लेअरच्या म्हाताऱ्याने घेतलेलं ‘चुकीचं’, हा निवाडा अन्यायाचा आहे. तो आजही सर्रास दिला जातो.

पुढचा शिक्का रेकॉर्डचा. 1920च्या दशकात आयर्लंडमधल्या स्लायगो काउंटीचे फिडलवादक न्यूयॉर्कमध्ये 78च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या भरू लागले. एका बाजूला साधारण तीन मिनिटं, त्यात दोन-तीन धुना बसायच्या. 1934 सालच्या एका तबकडीवर ‘टारबोल्टन’, ‘लाँगफर्ड कलेक्टर’ आणि ‘सेलर्स बॉनेट’ अशा ओळीने तीन रील आहेत. आजही सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या एकत्र बैठकीत, पहिली सुरू झाली की पुढच्या दोन कोणत्या, हे कोणी विचारत नाही. यातलं टारबोल्टन हे नाव मात्र स्कॉटलंडच्या एअरशरमधल्या गावाचं.

1963 साली डब्लिनहून निघालेल्या संग्रहाने बरीच दुरुस्ती केली. धुनेची इतर नावं टिपांमध्ये दिली. त्याच संपादकाने धुनेच्या सुरुवातीच्या स्वरांवरून ती ओळखण्याची कार्डसूचीही उभी केली, म्हणजे नावावाचून शोध घेता यावा. माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत समंजस काम हेच.

1990च्या दशकात पबमधल्या वादनावर रचनाकारांच्या हक्कांपोटी परवाना शुल्काची मागणी झाली, तेव्हा कोणती धून परंपरेची आणि कोणती एखाद्या रचनाकाराची, याला पैशाचं वजन आलं. निनावी धुनांवर अजूनही ‘गन अनिम’ (gan ainm, आयरिश भाषेत ‘नाव नसलेली’) एवढंच छापतात. पूर्व गॉलवेतल्या एका फिडलवादकाने तर स्वतःच्या रचनांना नावंच दिली नाहीत. त्या त्याच्या नावापुढे क्रमांक लावून ओळखल्या जातात, आणि ते क्रमांकही पुस्तकागणिक बदलतात.