मळलेली पिन की सैल पडलेली पिन?

जुना निन्टेंडो एनईएस, म्हणजे टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, सुरू केला की कधी कधी समोरचा लाल दिवा उघडझाप करू लागतो आणि टीव्हीचा पडदाही त्याच तालावर उजळतो, विझतो. साधारण सेकंदाला एकदा. यावरचा उपाय लहानपणापासून सगळ्यांना तोंडपाठ आहे: कार्ट्रिज, म्हणजे आपली कॅसेट, बाहेर काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. बऱ्याचदा खेळ सुरू होतोही. पण तो का सुरू झाला हे कळलेलं नसतं, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच होतो.

या एका लक्षणामागे दोन वेगळी दुखणी असू शकतात. एक तर पिनांवर, म्हणजे कॅसेट आणि यंत्र जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, मळ बसलाय, नाहीतर पिना सैल पडल्यात, म्हणजे कनेक्टरच्या (यंत्रातल्या ज्या खाचेत कॅसेट बसते तिच्या) पिनांमधला स्प्रिंगसारखा ताण गेलाय आणि त्या कॅसेटला धरत नाहीत. आपण दोन्हीला ‘लूज कॉन्टॅक्ट’ म्हणून मोकळे होतो. औषध मात्र एकाचं दुसऱ्याला लागू पडत नाही. मळ पुसून जातो, गेलेला ताण कितीही पुसलं तरी परत येत नाही.

फुंकरीनं दोन्ही बरी झाल्यासारखी वाटतात, कारण काम फुंकर करतच नाही. कॅसेट काढून परत घालताना पिना एकमेकींवर घासतात. त्यात थोडा मळ खरवडला जातो आणि टेकण्याची जागाही केसभर सरकते. फुंकरीतून जाते ती वाफ आणि थुंकी, आणि धातू काळवंडायला तेवढं पुरतं. तसं करू नका, असं खुद्द निन्टेंडोनंच सांगितलेलं आहे.

सैलपणाचं मूळ यंत्राच्या रूपात आहे. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉममध्ये कॅसेट वरून सरळ खाचेत बसायची, तिला ६० पिना. १९८५ मध्ये हेच यंत्र एनईएस म्हणून अमेरिकेत आलं तेव्हा तिथला व्हिडिओ गेमचा बाजार नुकताच कोसळला होता आणि दुकानदार गेमच्या यंत्राला हात लावायला तयार नव्हते. म्हणून त्याला व्हीसीआरसारखं रूप दिलं. पुढचं झाकण उघडायचं, कॅसेट आत सरकवायची, मग खाली दाबायची. त्यासाठी ७२ पिनांचा कनेक्टर असा केला की कॅसेट फारसा जोर न लावता आत जावी आणि दाबल्यावर पिना वाकून तिला चिकटाव्यात. दिसायला छान, पण दर वेळी दाबलं की पिना वाकणार. हजारो वेळा वाकलेली पत्र्याची जीभ पहिल्या जागी पूर्ण परतत नाही. माझ्या मते या सुंदर यंत्रातली ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

आता दिव्याबद्दल. तो मळामुळे लुकलुकत नाही आणि सैलपणामुळेही नाही. त्याला लुकलुकवणारा तिसराच आहे. यंत्रात एक कुलूप-चिप असते आणि निन्टेंडोच्या परवानगीनं काढलेल्या प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघी सतत एकमेकींशी खुणेची भाषा बोलत असतात. ते बोलणं जुळलं नाही की यंत्रातली चिप सगळं रीसेट करते, पुन्हा जुळवायला बघते, पुन्हा रीसेट करते. हे संभाषण ७२ पैकी फक्त चार पिनांवरून चालतं. त्यातली एक जरी टेकली नाही, तरी बाकीच्या ६८ ठणठणीत असूनही खेळ सुरू होत नाही. म्हणून काहीजण यंत्रातल्या त्या चिपचा चौथा पाय उचलून तिला गप्प करतात. दिव्याची उघडझाप थांबते हे खरं. पण इतर पिना टेकत नसतील तर तुम्हाला लुकलुकत्या पडद्याऐवजी स्थिर कोरा पडदा मिळतो, एवढाच फरक.

पडद्यावर काय दिसतं ते नीट पाहिलं तर बरंच कळतं. एनईएसच्या कॅसेटमध्ये खेळाचा प्रोग्राम आणि चित्रांचा साठा वेगवेगळ्या तारांवरून वाचला जातो. संगीत व्यवस्थित वाजतंय, बटणं दाबल्यावर खेळ प्रतिसाद देतोय, पण चित्राच्या जागी भलतीच अक्षरं आणि चौकोन, तर चित्रांकडच्या एखाद्या पिनेचा संपर्क तुटलाय. पडदा एकाच रंगाचा आणि आवाज नाही, तर प्रोग्रामकडची शंका घ्यायची. यातून दोष कोणत्या बाजूला आहे ते समजतं, तो मळाचा की सैलपणाचा हे मात्र समजत नाही.

त्यासाठी चार-पाच कॅसेट हव्यात. एकच अडते आणि बाकीच्या चालतात, तर त्या कॅसेटच्या पिना मळल्यात, यंत्राला हात लावायची गरज नाही. सगळ्याच अडतात, तर आधी सगळ्या साफ करा आणि मग परत बघा. त्यानंतरही अडल्या की कनेक्टरकडे वळायचं. सैलपणाची एक ओळखीची खूण आहे. कॅसेट किंचित कमी आत सरकवली, थोडी डावीउजवीकडे हलवली किंवा वरच्या फटीत दुसरी कॅसेट पाचर म्हणून ठोसली की खेळ चालतो. दाब वाढवल्यावर रोग हटत असेल तर पिनांचा ताण गेलाय. (पाचरीचा उपाय कायम वापरू नये, त्या दाबानं पिना आणखी दबून सैल होतात.)

मळ काढायला ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या पुरतात. पिनांच्या लांबीच्या दिशेनं पुसायचं, आडवं नाही. पहिली काडी काळी निघते, दुसरी करडी. काडी पांढरी निघेपर्यंत पुसत राहायचं, मग पूर्ण वाळू द्यायचं. कॅसेट उघडून पुसली तर काम जास्त चांगलं होतं. तिच्या खास स्क्रूसाठी ३.८ मिलिमीटरची गेमबिट (स्क्रूड्रायव्हरचं खास टोक) लागते. खोडरबर शेवटचा उपाय म्हणून ठेवा, आणि वापरलात तर त्याचा भुगा अल्कोहोलनं पुसून टाका. पॉलिश पेपर अजिबात नको. पिनांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि मग मळ दुप्पट वेगानं धरतो.

इथे एक जागा हमखास विसरली जाते. कनेक्टरला दोन तोंडं आहेत. एकात कॅसेट जाते, दुसरं मदरबोर्डच्या कडेवर बसवलेलं असतं. ते तोंड वर्षानुवर्षं कोणी हलवलेलं नसतं, त्यामुळे तिथल्या पिनांवरही काळी पुटं असतात. यंत्र अॅडॉप्टरपासून सोडवा, तळाचे साधे चौफुली स्क्रू काढा, वरचा पत्रा आणि कॅसेटचा ट्रे बाजूला करा, की कनेक्टर ओढून काढता येतो. बोर्डाची कड पुसून, कनेक्टर दोन-चार वेळा घालून-काढून परत बसवला एवढ्यावरच जिवंत झालेली यंत्रं मी पाहिली आहेत. त्यांचे मालक नवा कनेक्टर मागवायच्या बेतात होते.

कनेक्टर पाण्यात उकळणं हा प्रकारही याच घरातला. उकळल्यानं खोलवरचा मळ सुटतो, आणि मळ हाच रोग असेल तर गुण येतो. पण त्यानं पिनांचा ताण परत येतो, असं म्हणणाऱ्यांचा भ्रम त्यातूनच जन्मलाय. उकळलात तर परत बसवण्याआधी पूर्ण दिवस वाळू द्या.

खऱ्या सैलपणावर दोनच उपाय. एक म्हणजे बारीक सुईनं प्रत्येक पिन अगदी किंचित वर उचलायची. वेळखाऊ काम, आणि एक जरी जास्त वाकली तरी कॅसेट घालताना ती मोडू शकते. दुसरा, नवा कनेक्टर. मी एकदा घाईनं एक नकली बसवला. त्यानं कॅसेट अशी धरली की काढायला दोन्ही हात आणि गुडघा लागला, आणि काही महिन्यांत तोही सैल पडला. मूळ कनेक्टर मी सुदैवानं फेकला नव्हता. तो साफ केला, सहा पिना उचलल्या आणि परत बसवला. अजून चालतोय.

खेळ चालतो पण प्रगती साठवली जात नाही, ही तक्रार या दोन्हींत बसत नाही. तिथे कॅसेटमधली सीआर २०३२ बॅटरी संपलेली असते, पिना कितीही चमकवल्या तरी उपयोग नाही.

१९९३ साली निन्टेंडोनं याच यंत्राची लहान आवृत्ती काढली. कॅसेट पुन्हा वरून सरळ खाचेत आणि आतून कुलूप-चिप गायब. त्यात पिना मळतात, पण सेकंदासेकंदाला होणारं रीसेट नाही, पडद्यावर थेट कचरा दिसतो. लुकलुकणाऱ्या दिव्याचं तर नावच नको, कारण त्या यंत्राला दिवाच ठेवलेला नाही.