पाणी सुटल्यानंतरची पहिली दहा मिनिटं

मुंबईला रोज जवळपास ४०० कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर आणि मध्य वैतरणा, विहार, तुळशी या सात तलावांतलं बहुतांश पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होतं. तुरटी किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घालून गाळ बसवायचा, वाळूच्या थरातून पाणी गाळायचं, क्लोरीन द्यायचा, असा हा क्रम. पावसाळ्यात तलावात गढूळ पाणी उतरलं की तुरटीची मात्रा जार चाचणीने नव्याने ठरवतात. लिटर-लिटरच्या सहा भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून आधी जोरात, मग हळू ढवळतात आणि पाणी स्थिर ठेवतात. ज्या कमीत कमी मात्रेत पाणी नितळ होतं ती घ्यायची. मात्रा कमी पडली तर उरलेल्या कणांच्या आड जंतू क्लोरीनपासून बचावतात.

केंद्रात हे सगळं डोळ्यांसमोर चालतं. बिघाड बहुधा होतो तो पुढे, रस्त्याखाली.

मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासांपुरतं येतं. चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो, पाणी सुटतं, वेळ संपली की बंद होतं. वाहिनी दाबाखाली असते तोवर फुटक्या जागेतून पाणी बाहेर जातं, आत काही येत नाही. पाणी बंद झालं की दाब उतरतो आणि त्याच फटीतून शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपतं. कुणी मोटार थेट वाहिनीला लावली असेल तर ते अक्षरशः ओढलं जातं. आत शिरलेली ही घाण पुढच्या वेळेला पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत नळातून बाहेर पडते. म्हणून नमुना किती वाजता घेतला याला आमच्या मते नमुन्यांच्या संख्येहून जास्त महत्त्व आहे. पाणी पहाटे साडेचारला येत असेल तर नमुना घेणाऱ्याने साडेचारला नळापाशी हजर असायला हवं. तासाभराने घेतलेला नमुना स्वच्छ निघेलही, पण तोवर लोकांचे हंडे भरलेले असतात.

पाणी पिण्याजोगं आहे का, हे दोन पातळ्यांवर तपासतात. भारतीय मानक १०५०० नुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू अजिबात सापडता कामा नये. पण हे कळायला किमान एक दिवस लागतो आणि तोवर ते पाणी पिऊन झालेलं असतं. त्यामुळे रोजची खरी राखण करतो तो नळापर्यंत शिल्लक राहिलेला क्लोरीन. तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, विषाणूंचा धोका असेल तर ०.५.

ही तपासणी नळापाशीच होते. काचेची नळी त्याच पाण्याने विसळून १० मिलिलिटर पाणी घ्यायचं, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणाऱ्या डीपीडी या रसायनाची गोळी विरघळवायची आणि मिनिटाच्या आत गुलाबी छटा रंगपट्टीशी जुळवायची. उशीर केला तर संयुक्त, म्हणजे अमोनियासारख्या पदार्थाशी बांधला गेलेला क्लोरीनही रंग देऊ लागतो आणि आकडा फसवा निघतो. क्लोरीन अतोनात असेल तर रंग उडून नळी पांढरी राहते, म्हणून शंका आली की पाणी विरल करून पुन्हा बघायचं. मुक्त, म्हणजे कशाशीही न बांधलेला क्लोरीन शून्य आला तर दुसऱ्या टप्प्याची गोळी घालून एकूण क्लोरीन बघावा. सांडपाण्यातला अमोनिया मुक्त क्लोरीनला बांधून टाकतो. शेजारच्या नळांना मुक्त क्लोरीन नीट मिळतो आणि एकाच नळाला फक्त संयुक्त मिळतो, तेव्हा गटाराचा संशय पक्का धरून शोध सुरू करावा.

जंतूंच्या चाचणीची बाटली आधी १२१ अंशांवर निर्जंतुक केलेली असते आणि तिच्यात थोडं सोडियम थायोसल्फेट असतं. ते नसेल तर प्रयोगशाळेच्या वाटेवर बाटलीतला क्लोरीन जंतू मारत राहतो आणि दूषित पाणी कागदावर स्वच्छ ठरतं. म्हणूनच ही बाटली विसळायची नाही. नळाचं तोंड स्पिरिटने पुसायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, वर थोडी जागा रिकामी सोडायची आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवायची. नेहमीच्या तपासणीत नळ दोन-तीन मिनिटं वाहू देतात. तक्रारीच्या ठिकाणी मात्र अगदी सुरुवातीच्या पाण्याची बाटली वेगळी भरावी. प्रयोगशाळेत १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या छिद्रांच्या गाळणीतून ओढतात, गाळणी पोषक माध्यमावर ३५ अंशांना २४ तास ठेवतात. एन्डो माध्यमावर हिरवट धातूसारखी झाक असलेले ठिपके उमटले, तर ते कोलिफॉर्म, म्हणजे ई. कोलाय ज्या गटात मोडतो ते जंतू.

नमुना दूषित निघाला की वाहिनीच्या कडेने नळ तपासत जातात. एका नळाला ०.५, पुढच्याला ०.४ आणि त्याच्या पुढच्याला शून्य आला तर गळती शेवटच्या दोन नळांच्या मध्ये. तिथे खड्डा घेतात, कधी वाहिनीत कॅमेरा सोडतात. गटारातून गेलेली गंजकी अर्ध्या इंची जोडणी, किंवा वापर थांबला तरी फेरूलपाशी, म्हणजे मुख्य वाहिनीला जिथे जोडलेली असते तिथे, न तोडलेली जुनी जोडणी, हे वारंवार सापडणारे दोषी. वस्तीत अशा जोडण्यांचा जुडगाच गटारात असतो. तो गटाराच्या वरून घेतल्याशिवाय एकेक नळी बदलून उपयोग नाही. दुरुस्तीनंतर वाहिनी धुऊन जादा क्लोरीन देतात आणि पुन्हा नमुने घेतात. तेही पाणी सुटतानाच घ्यायला हवेत, आणि एका स्वच्छ अहवालावर तक्रार बंद करू नये.

इमारतीत राहणाऱ्यांनी तीन जागी क्लोरीन बघावा: तळटाकीत पडणारं पाणी, गच्चीवरची टाकी आणि स्वयंपाकघराचा नळ. पहिल्या जागी शून्य असेल तर वॉर्डाच्या जलखात्याकडे वेळेसह तक्रार करा. पहिल्या जागी मिळतो आणि गच्चीवर मिळत नाही, तर टाकीचं झाकण, तळाचा गाळ आणि ओव्हरफ्लोच्या पाइपची जाळी बघा. तळटाकीच्या शेजारी ड्रेनेजचं चेंबर असेल तर टाकी रिकामी करून भिंतीला ओल किंवा तडा आहे का, तेही तपासून घ्या.