मोराचं नाव वारसांत लावा

बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. तिथं गेलात तर मोराचा पिसारा घटकाभर राहू द्या, पाय बघा. खवलेच खवले! अंगणातल्या कोंबडीचे पायही तसेच. हे खवले आणि मगरीचे खवले एकाच घराण्यातल्या प्रथिनांनी घडतात, आणि ती प्रथिनं गाय-माणसात सापडत नाहीत.

तरीही शाळेत आपण सरपटणारे प्राणी आणि पक्षी असे दोन वर्ग पाठ केले. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या 1758 च्या प्राण्यांच्या यादीतही पक्षी स्वतंत्र वर्गात आहेत. पुढे 1950 मध्ये विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं सांगितलं, की खरा गट म्हणजे एक पूर्वज आणि त्याचे झाडून सगळे वंशज.

गावाकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मूळ पुरुष गेला की सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागतात. एक भाऊ पुण्याला जाऊन राहिला, त्याची बोली-कपडे बदलले, म्हणून त्याचं नाव गाळता येत नाही. पक्ष्यांचं आपण नेमकं तेच केलंय. पिसं आली, गरम रक्त आलं, उडायला लागले, की काढलं घराबाहेर.

आता मगर घ्या. घोरपडीसारखी दिसते, म्हणून तिची जवळची भावकी घोरपड वाटते. पण आज जिवंत असलेल्यांत मगरीचे सगळ्यात जवळचे नातेवाईक पक्षी आहेत. दोघांचा सामाईक पूर्वज साधारण 25 कोटी वर्षांपूर्वीचा. पाल, घोरपड, साप यांची शाखा त्याच्याही आधी फुटलेली. मगरीच्या हृदयाला पक्ष्यासारखे चार कप्पे असतात, घोरपडीच्या हृदयाला तीन.

मला सगळ्यात भावते ती अंड्यांची खूण. अंड्यांवर बसवलेल्या खुडूक कोंबडीखालचं अंडं विसाव्या दिवशी कानाशी धरा, आतून चिवचिव येते. मगरीची पिल्लंही अंड्यातूनच हाक देतात. ती ऐकून आई घरटं उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते.

त्या सामाईक पूर्वजापासून पक्ष्यांपर्यंतचे मधले दुवे म्हणजे डायनासोर. 1861 मध्ये जर्मनीत आर्किऑप्टेरिक्सचा सांगाडा उजेडात आला: पंखांना पिसं, पण तोंडात दात आणि लांब हाडांची शेपटी. 1996 मध्ये चीनमधून पिसांसारखं आवरण असलेल्या डायनासोरचा जीवाश्म जगासमोर आला.

एक खूण तर घरातच मिळेल. पालीच्या लेंडीचं टोक पांढरं असतं. तो पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल, पाणी जवळजवळ न दवडता बाहेर टाकलेली लघवी. गच्चीवर कबुतरांनी सांडलेला पांढरा रंगही तोच.