आनंद बिटमध्ये मोजणारे उंदीर

एप्रिल लागला की नागपुरात दोन गोष्टी हटकून दिसतात. कूलरला नवी खस लावणारे, आणि उन्हाळी शिबिरांचे फलक. धरमपेठपासून मानेवाड्यापर्यंत खांबाखांबावर 'आपल्या मुलाला आनंदी, आत्मविश्वासू बनवा' लटकत असतं. त्यातच अधूनमधून 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' डोकं वर काढतं: डोळ्यांवर पट्टी बांधून मूल रंग ओळखतं, पुस्तक वाचतं, आणि पालक टाळ्या वाजवतात. मूल वाचतं ते नाकाशेजारच्या फटीतून. पट्टीची ती फट कणकेने बुजवली की चमत्कार संपतो. ज्या शहरातून 1982 पासून अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम चालतं, तिथल्या शिकलेल्या पालकांनी यासाठी हजारो रुपये मोजावेत, याचा राग येतो.

पण माझा आजचा वाद या फसवणुकीशी नाही. या फलकांमागे एक समजूत असते आणि ती सज्जन माणसांचीही असते. ती अशी, की आनंद ही मुलाला वरून द्यायची वस्तू आहे. आठवडाभर जमलं नाही तर रविवारी फुटाळा तलावावर न्यावं, महागडा खेळ घ्यावा, झाली भरपाई. ही समजूत का लंगडी आहे, हे एका प्रयोगातून फार सुरेख कळतं, आणि तो प्रयोग आहे उंदरांवरचा.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत टॅली बाराम या बालमेंदूतज्ज्ञ आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेने नुकत्याच व्यालेल्या माद्यांच्या पिंजऱ्यातला भुसा आणि घरट्याचं सामान जवळजवळ काढून घेतलं. पिल्लं दोन दिवसांची झाल्यापासून नऊ दिवसांची होईपर्यंत, एवढ्याच काळासाठी. माद्या बावचळल्या. चाटायला घेतलं की मध्येच उठायच्या, दूध पाजता पाजता सामान शोधायला पळायच्या, परत यायच्या. आता गंमत बघा. दिवसभरात पिल्लांना चाटण्याचा, पाजण्याचा एकूण वेळ मोजला, तर तो भरपूर भुसा मिळालेल्या माद्यांइतकाच भरला. प्रेमाची बेरीज तीच होती. विस्कटला होता तो क्रम.

ही पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यांच्यापुढे साधं पाणी आणि साखरेचं पाणी ठेवलं. उंदीर गोडाचा भोक्ता. पण ही साखरेकडे तितकीशी ओढली जात नव्हती, आणि सोबत्यांशी दंगामस्तीही कमीच करत होती. ज्यातून आनंद मिळायला हवा त्यातून तो न मिळणं, या अवस्थेला ॲनहेडोनिया म्हणतात. माणसांच्या नैराश्यात ते एक ठळक लक्षण असतं. 2016 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आता क्रम विस्कटला म्हणजे नेमकं किती? इथे मला हा प्रयोग विशेष आवडतो, कारण संशोधकांनी त्यासाठी चक्क टेलिफोनच्या तारांचं गणित वापरलं. टेलिफोन कंपनीतले गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये संदेशातली अनिश्चितता मोजण्याची रीत मांडली. तिचं नाव एन्ट्रॉपी, आणि एकक बिट. कोणत्याही क्षणी आई जे करते आहे त्यावरून पुढे ती काय करेल, हे किती ओळखता येतं? समजा मूल पडून रडत आलं. आई जवळ घेईल की ओरडेल, याची शक्यता निम्मी-निम्मी असेल तर अनिश्चितता पूर्ण 1 बिट. दहापैकी नऊ वेळा ती जवळ घेत असेल तर 0.47 बिट. शंभरातल्या नव्याण्णव वेळा घेत असेल तर 0.08. हिशेब असा: प्रत्येक शक्यतेला तिच्याच 2 पायाच्या लॉगॅरिदमने गुणायचं, अशा सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि चिन्ह उलटवायचं. उंदरांच्या बाबतीत चाटणं, पाजणं, उचलून नेणं, स्वतः खाणं, घरटं रचणं अशा हालचालींचा तक्ता करून एकीनंतर दुसरी येण्याच्या शक्यता काढल्या आणि त्यावरून हा आकडा काढला. भुसा कमी, तर बिट जास्त.

याचा मेंदूशी संबंध असा. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या काही पेशी सीआरएच नावाचं रसायन सोडतात. त्याने पियुषिका ग्रंथी जागी होते, ती मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना हुकूम देते, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं रसायन चढतं (उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन). ठरल्यासारखी, पुन्हापुन्हा मिळणारी आईची चाट ज्यांच्या वाट्याला येते, त्या पिल्लांच्या सीआरएच पेशींवरचे उत्तेजक जोड, म्हणजे सिनॅप्स, कमी होतात, असं बाराम यांच्याच गटाला 2010 मध्ये दिसलं होतं. धोक्याची घंटा वाजवणारी बटणंच कमी. विस्कळीत घरट्यातल्या उंदरांच्या अमिग्डलामध्ये, म्हणजे मेंदूतल्या भीती आणि भावना हाताळणाऱ्या भागात, मात्र हे सीआरएच गरजेपेक्षा जास्त काम करत असतं. 2018 च्या प्रयोगात तिथलं सीआरएचचं जनुक अंशतः गप्प केलं, तेव्हा त्या उंदरांना गोडी आणि खेळ पुन्हा रुचू लागले.

उंदीर झाले, माणसाचं काय? कॅलिफोर्नियात आई आणि वर्षभराचं बाळ खेळत असताना चित्रण केलं, आईचं दाखवणं, बोलणं, शिवणं हे संकेत क्रमाने नोंदवले आणि तेच गणित केलं. ज्या आयांच्या संकेतांचा अंदाज बांधता येत नव्हता, त्यांची मुलं दोन वर्षांची असताना आकलनाच्या चाचणीत आणि साडेसहाची असताना स्मरणाच्या चाचणीत मागे पडलेली दिसली. हा केवळ सहसंबंध आहे, हे विसरायचं नाही. माणसांच्या घरातला भुसा कुणी प्रयोगासाठी काढून घेऊ शकत नाही.

एक खोच मात्र या गणितातच आहे. दहापैकी नऊ वेळा ओरडणाऱ्या आईची अनिश्चितताही 0.47 बिटच भरते! एन्ट्रॉपीला माया कळत नाही, फक्त क्रम कळतो. छडी ठरलेल्या वेळी मिळते म्हणून मूल सुखी होत नाही. 'आमच्या घरी शिस्त आहे' म्हणणाऱ्यांनी इथे फार खूश होऊ नये.

मायेचा हिशेब वेगळ्या प्रयोगांत दिसतो. मिनेसोटा विद्यापीठात मेगन गनर यांच्या गटाने 9-10 वर्षांच्या मुलांना अनोळखी परीक्षकांपुढे भाषण करायला लावलं. तयारीच्या वेळी आई किंवा वडील सोबत असतील तर मुलांचं कॉर्टिसॉल चढत नव्हतं. अनोळखी माणूस सोबत असेल तर चढायचं. 15-16 वर्षांच्यांत मात्र पालक असून नसून सारखेच. दहावीच्या पोरापाशी बसून त्याचा ताण हलका होत नाही, अशी तक्रार करणाऱ्या पालकांनी हे मनाला लावून घेऊ नये.

आपल्याकडे सांजेला लेकरू किरकिरलं की आजी म्हणते, "आवो, नजर लागली पोराले, मीठ-मिरच्या उतरवा." मिरची कशानेही जळते आणि ठसका कुणालाही लागतो, नजरेचा त्यात काडीचा संबंध नाही. पण त्या पाच मिनिटांत पोर कुणाच्या तरी मांडीवर असतं आणि सगळं घर त्याच्याभोवती असतं, हे मात्र खरं. मिरच्या वगळून बाकीचं रोज करता येतं.

दिनचर्येतला सगळ्यात भक्कम पुरावा झोपेचा. ब्रिटनमधल्या 10,000 हून अधिक मुलांचा 3, 5 आणि 7 या वयांत मागोवा घेणारा अभ्यास 2013 मध्ये आला. झोपायची वेळ जितकी वर्षं अनियमित, तितका चिडचिडेपणा, हट्ट, मित्रांशी बिनसणं जास्त. जी मुलं मधल्या काळात नियमित झाली त्यांचं वागणं सुधारलं. यातला मुद्दा वेळ ठरलेली असण्याचा आहे. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा नागपुरात पोरं दिवस मावळल्यावरच खेळायला निघतात. त्यांना साडेआठला झोपवा हे लंडनचं घड्याळ इथे चालायचं नाही. पण आज दहा, उद्या बारा, परवा आठ, हे टाळता येतं. सगळे मिळून जेवण्याचे फायदे मात्र जरा फुगवून सांगितले जातात. 2012 मध्ये दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी घरची मिळकत, नात्यांची स्थिती वगैरे जमेस धरली, तेव्हा त्यातले बरेच फायदे आटले.

आता नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतला कामगार घ्या. या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्यात सेकंड, मग नाइट. त्याला 'दिनचर्या पाळा' हे ऐकवणं म्हणजे मादीचा भुसा काढून घेऊन तिलाच बोल लावणं. प्रयोगात विस्कळीतपणा आईच्या स्वभावातून आला नव्हता. तो पिंजऱ्यातून आला होता. शिफ्टचं वेळापत्रक महिनाभर आधी लागलं, पाणी ठरल्या वेळी आलं, तर घराची एन्ट्रॉपी जितकी उतरेल तितकी पालकत्वावरच्या व्याख्यानांनी उतरणार नाही.

तोवर एक छोटी सोय. विस्कॉन्सिन विद्यापीठात 2010 मध्ये 7 ते 12 वर्षांच्या मुलींना असाच ताण देऊन पाहिला. नंतर काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी ती फक्त फोनवर बोलली. दोन्ही गटांत ऑक्सिटोसिन हे जवळिकीचं रसायन वाढलं आणि कॉर्टिसॉल उतरलं. दोन वर्षांनी हेच लेखी निरोप पाठवून करून पाहिलं, तेव्हा त्या मुलींचं कॉर्टिसॉल कुणाशीच बोलायला न मिळालेल्या मुलींइतकंच राहिलं. तेव्हा सेकंड शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत घरी व्हॉट्सॲपवर 'जेवली का?' लिहिण्याऐवजी रोज त्याच वेळी फोन लावावा. वडिलांच्या आवाजावर तो प्रयोग झाला नव्हता, पण करून बघायला खर्च येत नाही.