नानजिंगच्या गणिका: वही, कुंचला आणि बुडालेलं राज्य

चीनमध्ये मिंग घराण्याच्या काळात (१३६८–१६४४) नानजिंग शहरात छिनह्वाई नदीच्या एका काठावर सरकारी नोकरीच्या परीक्षांचं परीक्षागृह होतं आणि पलीकडे गणिकांची वस्ती. दर तीन वर्षांनी प्रांतिक परीक्षेला हजारो उमेदवार यायचे. गिऱ्हाईकच असं पुस्तकातलं म्हटल्यावर नुसत्या रूपावर भागत नसे. कविता, सुलेखन, वादन आणि चित्रकला येणारीचा भाव जास्त.

ही सांगड जुनीच. त्याच्या कितीतरी आधी, तांग काळात (६१८–९०७) राजधानी छांगआनमधल्या फिंगखांग वस्तीत परीक्षार्थींची ये-जा असे. सुन छी याने ८८४ मध्ये तिथल्या स्त्रियांवर पुस्तकच लिहिलं. छंगतूची शुए ताओ तर कवयित्री म्हणूनच ओळखली जाते.

पण या झगमगाटाखाली सरकारी नोंदवही होती. वादक-गायक आणि गणिका यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संगीत-कार्यालयाच्या यादीत नाव लागलेली घराणी हलक्या दर्जाची ठरत आणि तो दर्जा मुलांकडे जाई. १४०२ मध्ये पुतण्याला हटवून योंगल सम्राट गादीवर आला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या बायकामुलींनाही शिक्षा म्हणून याच यादीत टाकलं गेलं. शिवाय लहानपणी विकत घेतलेल्या मुली होत्या, त्यांच्या डोक्यावर कर्ज होतं. गणिका दोंग श्याओवान हिची सुटका झाली तीही एका बड्या विद्वानाने तिची देणी फेडली म्हणून.

तो विद्वान म्हणजे छ्येन छ्येनयी. १६४१ मध्ये, साठीला टेकलेला असताना, त्याने विशीतल्या ल्यू रुशीशी लग्न केलं. ती स्वतः गणिका आणि नावाजलेली कवयित्री. पुरुषी वेशात त्याच्या घरी जाऊन तिनेच ओळख करून घेतली, असं सांगतात. तिच्याआधीच्या पिढीतली मा शौचन खडक आणि ऑर्किडची चित्रं काढायची. ऑर्किड हे सज्जन विद्वानाचं प्रतीक. ते एका गणिकेने आपलंसं करावं, यात मला तरी धिटाई दिसते. या दोघींच्या हातचं काही उरलं आहे. बहुतेकींचं मात्र आपल्यापर्यंत येतं ते पुरुषांनी लिहिलेलं, आणि तेही फार उशिरा.

कारण १६४४ मध्ये बीजिंग पडलं, पुढच्या वर्षी नानजिंगने ईशान्येकडून आलेल्या मांचूंपुढे शरणागती पत्करली. शरण जाणाऱ्यांत छ्येनही होता. जुन्या राज्यासाठी उघड रडणं धोक्याचं होतं. गणिकांच्या आठवणी काढणं त्या मानाने सोपं. दोंग जिच्या घरी उपपत्नी म्हणून गेली त्या माओ श्यांगने ती वारल्यावर तिच्यावर आठवणी लिहिल्या, युई ह्वायने १६९३ च्या सुमारास उजाड वस्तीची हकीकत. १६९९ मध्ये खोंग शांगरेनचं नाटक आलं. त्यात गणिका ली श्यांगजुन जबरदस्तीच्या लग्नाला नकार देताना डोकं आपटते, रक्त पंख्यावर उडतं आणि त्या डागांची पीचची फुलं रंगवली जातात. मंत्री विकले गेले, गणिका निष्ठावान राहिली. लेखकांना हवी होती ती ही गोष्ट. खऱ्या बाईचा राग, थकवा, हिशोब तिच्यात शोधू नये.

तो हिशोब कादंबरीत ठसठशीत उतरला तो शांघायमध्ये, दोनशे वर्षांनी. त्याआधी १७२३ मध्ये योंगचंग सम्राटाने संगीत-घराण्यांचा हलका दर्जा रद्द केला होता. धंदा सरकारी वहीतून निघून खासगी हातात गेला. हान बांगछिंगच्या १८९४ च्या कादंबरीतल्या गणिका शांघायजवळच्या सूचौ शहराच्या बोलीत बोलतात. त्यांची भांडणं बहुधा दागिन्यांवरून, उधारीवरून आणि कोण कुणाकडे जेवायला गेलं यावरून होतात.