सिकलसेलच्या रुग्णाचं आधी काय बघायचं?

समजा, गडचिरोलीकडच्या एखाद्या रुग्णालयात रात्री सोळा वर्षांचा मुलगा दाखल झालाय. पाय ठणकतायत, बरगड्या दुखतायत, अंगात ताप आहे, डोळे पिवळसर दिसतायत. आजार सिकलसेल, हे घरच्यांनाही ठाऊक असतं. परिचारिकेला ठरवायचं असतं ते वेगळंच: या घडीला या मुलाच्या शरीराची अडचण नेमकी कुठे आहे आणि त्यातलं आधी काय हातात घ्यायचं? याला नर्सिंग डायग्नोसिस म्हणतात. तीव्र वेदना, फुप्फुसात ऑक्सिजनची अपुरी देवाणघेवाण, संसर्गाचा धोका, शरीरातलं पाणी कमी होणं, अशा नोंदी त्यात येतात.

या आजारात रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं. ऑक्सिजन सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २०. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडाला रक्त पुरत नाही आणि ते ठणकू लागतं.

श्वास आधी, बाकी नंतर, हा क्रम परिचारिका शिकलेलीच असते, आणि तो बरोबरच आहे. पण सिकलसेलमध्ये वेदना मागे ठेवली तर श्वासच धोक्यात येतो. बरगडी दुखते म्हणून मुलगा वरवर श्वास घेतो. फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुलत नाही, तिथे ऑक्सिजन घटतो, आणखी पेशी वाकतात. यातून अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे फुप्फुसाला अचानक होणारी गंभीर इजा, उद्भवू शकतो, आणि तो जीवघेणा असतो. म्हणून ऑक्सिमीटर बोटाला लावतानाच वेदनाशामकाची तयारी हवी. पहिला डोस रुग्ण आल्यापासून तासाभरात मिळायला हवा. मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक श्वास मंदावू शकतं, म्हणून ते दिलं तर मुलाला गुंगी किती आहे आणि मिनिटाला श्वास किती, हे मोजत राहायचं. जागेपणी दर दोन तासांनी स्पायरोमीटरवर, म्हणजे खोल श्वासाचा सराव करायच्या छोट्या उपकरणावर, दहा खोल श्वास घ्यायला लावायचे. दुखऱ्या जागी शेक द्यावा, बर्फ मात्र कधीच लावू नये.

मुलगा मोबाइल बघतोय, म्हणजे फार दुखत नसेल, असं वॉर्डात सहज बोललं जातं. मला ते फार अन्यायाचं वाटतं. लहानपणापासून दुखणं सोसणारा माणूस ओरडत नाही. शून्य ते दहामध्ये तो आठ म्हणाला, तर आठच लिहायचे.

तापाचंही तसंच, थांबून चालत नाही. सिकलसेलच्या रुग्णांची प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढायला मदत करणारी पोटातली पाणथरी, बहुधा लहानपणीच निकामी झालेली असते, त्यामुळे ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला की प्रतिजैविक तातडीने सुरू करावं लागतं. सलाईन बेताने, जास्त झालं तर पाणी फुप्फुसात साचतं.

दोन वर्षांचं बाळ असेल तर क्रम बदलतो. त्या वयात रक्त अचानक प्लीहेत साठून राहू शकतं. बाळ पांढरंफटक पडतं, मलूल होतं, पोट फुगतं. इथे आधी रक्ताभिसरण सावरावं लागतं. म्हणून घरी सोडताना आईचा हात बाळाच्या डाव्या बरगडीखाली ठेवून प्लीहा कशी चाचपायची, ते दाखवून द्यावं. ती वाढलेली लागली तर सकाळची वाट न बघता निघायचं.